आजोबांच्या वहीतले ताप

प्रश्न : आमच्या आजोबांच्या जुन्या वहीत घरातल्या आजारपणाच्या नोंदी आहेत. ‘मुदतीचा ताप’, ‘तिजारी’, ‘तप-ए-दिक’, ‘मानमोडी, 1328 फसली’ आणि एका ठिकाणी ‘विषमज्वर’. हे आजचे कोणते आजार?
— एक वाचक, वसमत

उत्तर : यात सगळ्यात फसवा शब्द विषमज्वर. शाळेच्या पुस्तकात तो टायफॉइड. आयुर्वेदात मात्र पाळीने येणारा, मध्येच सोडणारा ताप म्हणजे विषमज्वर. त्यातल्या तृतीयक (तिसऱ्या दिवशी येणारा) आणि चातुर्थिक (चौथ्या दिवशी येणारा) प्रकारांचं वर्णन हिवतापाशी जुळतं. नोंद वैद्याच्या सांगण्यावरून झाली असेल तर लगेच टायफॉइड समजू नका. शेजारी हुडहुडी, घाम, ‘दिवसाआड’ असं काही लिहिलंय का ते आधी बघा.

तिजारी हा हिवतापच. ताप आला तो दिवस पहिला धरून मोजतात, म्हणून तिसरा दिवस म्हणजे मध्ये एकच दिवस मोकळा, साधारण 48 तास. एकांतरा म्हणतात तोही हाच. 72 तासांनी येणारा तो चौथ्या दिवसाचा.

मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड. औषधाविना तो तीन-चार आठवडे चालायचा. 21 दिवसांची मुदत त्यावरूनच आली. आतड्याला भोक पडण्याचा धोका तिसऱ्या आठवड्यात जास्त, त्यामुळे ‘बरं वाटत होतं, विसाव्या दिवशी गेला’ अशी नोंद सापडली तर ती याच तापाशी जुळते.

‘वात झाला’, ‘सन्निपात’ हे शब्द दिसले तर रोगी बरळत होता एवढंच कळतं. टायफॉइड, हिवताप, मेंदूज्वर, कशातही ते होतं.

निजामी अमलातल्या उर्दू कागदांत तप-ए-लर्जा म्हणजे हिवताप, तप-ए-मोहरिका टायफॉइड, ताऊन प्लेग, हैजा पटकी (कॉलरा). तुमच्या वहीतला तप-ए-दिक मात्र क्षय. ‘तप’ शब्द पाहून तो साथीच्या तापांत घालू नका.

मानमोडी ही 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. फसली म्हणजे महसुलासाठी वापरलेली कालगणना; हैदराबाद संस्थानाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. इसवी सन काढायला तिथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदींत 590 मिळवा, पुढच्या महिन्यांत 591. म्हणजे 1328 फसलीची सुरुवात 1918 च्या ऑक्टोबरात, साथ ऐन भरात असताना. सरसकट 591 मिळवलं की हीच नोंद वर्षभर पुढे सरकते.