आयर्लंडच्या मीथ काउंटीत मुलांसोबत एका दिवसात काय बघावं?

सकाळ न्यूग्रेंजला द्या, तिकीट आधीच काढून ठेवा. सुमारे ५२०० वर्षांपूर्वीची ही दगडी समाधी पिरॅमिडांहूनही जुनी! आतली वाट १९ मीटरची आणि इतकी अरुंद की मोठ्यांना अंग चोरून, वाकून जावं लागतं. बाबागाडी आत जात नाही. गाभाऱ्यात दिवे मालवतात आणि डिसेंबरातल्या सर्वांत छोट्या दिवसाचा सूर्यकिरण कसा आत शिरतो, ते कृत्रिम उजेडाने दाखवतात. तो पिवळा पट्टा जमिनीवरून सरकताना पोरं श्वास रोखून बघतात. अंधाराला घाबरणाऱ्या लेकराचा हात मात्र धरून ठेवा.

दुपारी बॉइन नदीकाठचा ट्रिमचा किल्ला. वेळ उरलाच तर ताराच्या टेकडीवर मुलांना हिरवळीत मनसोक्त पळू द्या. वारा फार असतो, जाकिटं घ्याच.