लेकाची पहिली जलतरण स्पर्धा आहे ना? मग हे वाचा

पहिलं म्हणजे अख्खा दिवस मोकळा ठेवा. ५० मीटरची शर्यत मिनिटभरात आटोपते, पण त्यासाठी सकाळी वॉर्मअपला पोचायचं आणि मग नंबर पुकारेपर्यंत ताटकळायचं. पुण्यातल्या बालेवाडीसारख्या मोठ्या तलावावर तर मुलं गोंधळून जातात. हीट (म्हणजे शर्यतीची कितवी तुकडी) आणि लेनचा नंबर पेनाने त्याच्या मनगटावर लिहून द्या.

गॉगल दोन घ्या, दोन्ही आधी वापरलेले. नवाकोरा गॉगल उडी मारताच निसटतो. कोरडे टॉवेलही दोन हवेत, कारण ओल्या अंगाने तासभर बसलेलं मूल शर्यतीआधीच गारठतं. खायला केळं, राजगिऱ्याचा लाडू. कॅन्टीनमधला वडापाव आजोबांनी खुशाल खावा, त्याला शर्यतीनंतर!

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदमच लागावे लागतात. एक हात आधी लागला की बाद, मग पहिला का येईना. लहान गटात हे हमखास होतं. तेव्हा पंचांशी हुज्जत घालायला धावू नका, दाद मागायची तर ते कोच बघतील. तुम्ही टॉवेल घेऊन उभे राहा.

पाण्यातून बाहेर आल्या आल्या ‘कितवा आलास?’ विचारू नका. आधी त्याला कोचकडे जाऊ द्या. वेळ मात्र वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची, शेजारच्या लेनमधल्या पोराशी नाही.

धाकटी सोबत येणार असेल तर तिच्यासाठी रंगपेटी घ्या. दुपारनंतर तीच जास्त कंटाळते.