इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास: ड्रॉइंगची शीट स्वतःच काढ

सीईटीसाठी पर्याय पटकन निवडायची सवय लागलेली असते, ती आता सोडावी लागेल. एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूचं एक गणित पानभर चालतं आणि मार्क पायऱ्यांना मिळतात. म्हणून नुसतं वाचू नकोस, वहीत सोडव.

सगळ्यात जास्त सांगायचंय ते ग्राफिक्सबद्दल, म्हणजे इंजिनीअरिंग ड्रॉइंगबद्दल. होस्टेलवर काचेखाली दिवा लावून सिनियरची शीट गिरवतात, त्याला जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारणं म्हणतात. सबमिशनच्या आदल्या रात्री तो मोह फार होतो. पण गिरवताना हात चालतो, डोकं नाही. वस्तूची दृश्यं कागदावर मांडायची आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे: टॉप व्ह्यू (वरून दिसणारं दृश्य) फ्रंट व्ह्यूच्या (समोरून दिसणाऱ्या दृश्याच्या) खाली येतो, डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे. हे असं का, ते स्वतः प्रोजेक्शनच्या (एका दृश्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या) रेषा ओढल्याशिवाय कळत नाही. साबणाची वडी तिरकी काप, तिन्ही बाजूंनी बघ आणि मग काढ. आधी काढायच्या फिकट कन्स्ट्रक्शन रेषांना टूएच पेन्सिल, ठळक रेषांना एचबी.

मेकॅनिक्समध्ये आधी फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती), मगच समीकरण. त्यात आधारांच्या प्रतिक्रिया (आधार वस्तूवर लावतात ती बलं) दाखवायच्या राहिल्या की निम्मं गणित तिथेच चुकतं.

केमिस्ट्री, फिजिक्सचे जर्नल त्याच आठवड्यात तपासून घे.

आणि एखादा विषय राहिलाच तर घरी लपवू नकोस. एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जायची सवलत, त्यासाठीच असते. मराठी माध्यमातून आला असलास तर व्याख्या इंग्रजीत लिहून काढ, पण संकल्पना मराठीत समजून घ्यायला अजिबात लाजू नकोस.