सबब उरता कामा नये

बाळा,

तुझा निरोप वाचला. स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या तिसाव्या वाढदिवसाच्या संचात 12 गेम, त्यात एकट्या स्ट्रीट फायटर टूचे पाच अवतार, आणि कुठला खेळू म्हणून तू परवापासून मेनूवरच अडकलायस. त्या 'टॉप टेन' याद्या बघणं आधी बंद कर. कॅरेक्टर किती वाढले, ग्राफिक्स किती झकास झालं, याच्याशी तुला काय करायचंय? मी एकच बघतो: हरल्यावर सबब उरते का? उरत असेल तर तो भाग सोड.

1991 चा पहिला टू अर्धा तास बघ, बस. त्यात दोघांना एकच कॅरेक्टर घेता येत नाही. तू र्‍यू हा गडी घेतलास की मला दुसरा शोधावा लागणार, आणि हरलो की मी म्हणणार, 'माझा गडीच फुसका होता.' 1992 च्या चॅम्पियन एडिशननं ती पळवाट बुजवली. र्‍यूसमोर र्‍यू. तोच हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा गोळा, तीच लाथ. आता बोल! त्याच वर्षी आलेल्या हायपर फायटिंगनं वेग वाढवला. माझं ऐकशील तर मुक्काम इथंच ठोक. 1993 च्या सुपर स्ट्रीट फायटर टूमध्ये चार नवे गडी आले, पण वेग पुन्हा मंदावला. टूचा शेवटचा अवतार सुपर टर्बो फर्मास, पण समोर माणूस हवा. एकटा बसलास तर मशीन धुऊन काढेल.

स्ट्रीट फायटर थ्रीचा अवतार थर्ड स्ट्राइक मात्र टाळायचा नाही. ओळखीचे चेहरे कमी म्हणून नाक मुरडलंस तर माझ्याशी गाठ आहे. त्यात वार लागायच्या ऐन क्षणी स्टिक पुढं मारायची. मागं नाही, पुढं! जमलं तर वार फुकट, चुकलं तर तोंडावर. 2004 च्या इव्होमध्ये, म्हणजे अशा गेमच्या मोठ्या स्पर्धेत, दाइगो उमेहारा या खेळाडूच्या केन या गड्याचा जीव तीळभर उरला होता, नुसतं ब्लॉक करूनही मेला असता. त्यानं समोरच्या चुन-लीच्या सुपर वाराचा, म्हणजे सलग फटक्यांच्या जबर हल्ल्याचा, फटका न् फटका असा झेलला आणि उलट मारून तो सामना घेतला. सबब द्यायला यात जागा कुठाय? 1999 चा हा गेम आमच्या राजवाड्याजवळच्या गेम पार्लरमध्ये कधी आलाच नाही. अजून हळहळ वाटते.

'मग काका, तुम्ही किंग ऑफ फायटर्स 97 हा दुसराच मारामारीचा गेम का खेळता?' हे तू विचारणारच. 98 जास्त तोलाचा आहे, मान्य. 97 मध्ये काही गडी एकदा धरलं की सोडतच नाहीत, तेही मान्य. पण आम्हाला कॉइन टाकायला तेच मशीन होतं, आणि पाठीशी पोरं 'भिया, अब उठो!' म्हणून ओरडत असायची. त्या गोंगाटात बसलेला हात आता कुठं बदलू? शिवाय त्यातला इओरी हा गडी मलाही घेता येतो नि तुलाही. म्हणजे नियम मोडला नाही मी.

रविवारी ये. येताना तुझा कंट्रोलर आण. माझ्यातल्या एकाचं लाथेचं बटण अडकतं. आधीच सांगून ठेवतोय.

— काका