घमेली आपली, थापी मिस्त्रीची

प्रश्न : मानेवाड्याला आमच्या लेआउटमध्ये खेळासाठी राखलेली काळ्या मातीची जागा पडून आहे. पोट्टे भर रस्त्यावर स्केटबोर्ड चालवतात. वर्गणी काढून, श्रमदानातून काँक्रीटच्या वक्र उतारांचा छोटा स्केटपार्क बांधावा म्हणतो. काही जण म्हणतात, स्लॅबसारखंच काम आहे, मे महिन्याच्या सुट्टीत आपणच करू. जमेल का?
— एक पालक

उत्तर : जमेल, पण मे महिन्यात काँक्रीटचं नाव काढू नका. त्या उन्हात वरचा थर पाहता पाहता सुकतो आणि बारीक भेगा पडतात. सुट्टीत खोदकाम अन् भराव उरका, ओतकाम दिवाळीनंतर.

त्याआधी जागा कोणाची ते मंजूर नकाशावर बघा : नागपूर सुधार प्रन्यासची, मनपाची की सोसायटीची? ना-हरकत लेखी घ्या. अमेरिकेत पोर्टलंडला १९९० साली स्केटरांनी पुलाखाली न विचारताच बर्नसाइडचा पार्क बांधला आणि शहराने तो पुढे मान्य केला. तिकडचं नशीब तिकडे.

काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि वरचं काँक्रीट फोडते. ती किती खोल काढायची हे अभियंत्याला ठरवू द्या. मग मुरूम थराथराने टाका, पाणी मारा, रोलर फिरवा. इथे श्रमदान मनसोक्त घ्या. घमेली वाहायला अख्खा लेआउट उतरला तरी काम पुरेल.

ओतकामाला मात्र मिस्त्री रोजीनेच लावा, तिथे फुकटचे हात नकोत. स्लॅब सपाट असतो, इथे वक्र उतार आहे. प्लायवुड कमानीत कापून दोन्ही बाजूंना साचे उभे करायचे आणि त्यांवर पट्टी टेकवून काँक्रीट खालून वर ओढत न्यायचं. माल जरा पातळ झाला की सगळा घसरून पायथ्याशी. माथ्यावरचा लोखंडी पाइप आधीच सळयांना वेल्डिंग करून घ्या. अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल, तेव्हा लोखंडी थापी फिरवायची. लवकर फिरवली तर पाणी वर येतं, उशीर झाला तर खरखर राहते. स्केटबोर्डचं चाक साधारण ५०-५५ मिलिमीटरचं. एवढासा खडा आडवा आला तरी बोर्ड थांबतो आणि पोरगं पुढे जातं. मी आयुष्यभर साइटवर उभी राहिले, पण ही थापी मी स्वतः हातात धरणार नाही. पाण्याच्या टाक्यांचं घोटकाम करणारा मिस्त्री शोधा आणि त्याच्याकडून आधी तीन फुटांचा एकच उतार करून घ्या. स्केट करणारा कोणी जाणता पोरगा शेजारी उभा ठेवा, वळण कुठे चुकतंय ते तोच सांगेल.

पैशांचं म्हणाल तर गणेश मंडळं घेतात तीच धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी विचारा. सिमेंट, गिट्टी, सळई वस्तुरूपात मागितली तर लोक पटकन देतात. फक्त वस्तूंच्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. रोख जमेल ती मिस्त्री अन् वेल्डरसाठी राखा.

आता पाणी मारणं. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर निदान १० दिवस ओलं गोणपाट हवंच. कोणत्या घराची पाळी कधी, ते ओतकामाआधीच कागदावर लिहून गेटवर चिकटवा. नुसतं ‘सगळे मिळून बघू’ म्हटलं की तिसऱ्या दिवशी गोणपाट कोरडं.