१८ पूर्ण होईपर्यंत थांबू का?

प्रश्न : डॉक्टर, मी १७ वर्षांची आहे, बारावीत शिकते. गेलं वर्षभर माझी पाळी नऊ-दहा दिवस चालते, अंगावरून खूप जातं. हल्ली कॉलेजचा जिना चढतानाही धाप लागते. आई म्हणते, "सगळ्यांनाच होतं, लग्नानंतर ठीक होईल." मी एकटी दवाखान्यात गेले तर तपासतील का, की पालकांची सही मागतील? आणि घरी कळवतील का?

उत्तर : जा. याच आठवड्यात जा. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव आणि वर धाप लागणं, हे सगळ्यांना होत नाही. तुझं हिमोग्लोबिन बरंच उतरलं असावं अशी मला शंका आहे. तुझ्या वयात १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि तो साध्या रक्ततपासणीत कळतो.

आता सहीचं. अमुक वयापासून स्वतःच्या उपचारांना स्वतः संमती देता येते, असं सरळ सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. १८७५ च्या कायद्याप्रमाणे माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो. भारतीय न्याय संहिता १२ वर्षांखालच्या मुलाची संमती धरत नाही, ती पालकांनी द्यायची. मधली सहा वर्षं राहतात, आणि तू नेमकी तिथे आहेस. प्रघात असा की विचारपूस, नाडी, रक्तदाब, पोट तपासणं यासाठी तुझा होकार पुरतो. भूल किंवा ऑपरेशन आलं की संमतीपत्रावर खाली 'पालकाचे नाव, नाते, सही' अशी जी ओळ असते, ती भरावीच लागते.

म्हणजे तुझं ऐकून घ्यायला कुठलाच कायदा आड येत नाही. "आईला घेऊन ये, मग बघू" म्हणून मुलीला दारातून परत पाठवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. परत गेलेली मुलगी बहुतेक वेळा पुन्हा येत नाही, येते ती रक्त चढवायची वेळ आल्यावरच. तेव्हा जिवावर बेतलं असेल आणि पालक जवळ नसतील, तर सहीसाठी थांबायचं नसतं. संहितेचं कलम ३० डॉक्टरांना तिथे संरक्षण देतं.

समज असलेल्या मुलांवर कायदा विश्वास टाकतच नाही, असंही नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात, बाधित कुटुंबातलं १२ ते १८ वयाचं जाणतं भावंड धाकट्याच्या उपचारांसाठी पालक ठरू शकतं. मग १७ वर्षांच्या मुलीचं स्वतःच्या दुखण्याबद्दलचं म्हणणं ऐकायला काय हरकत आहे?

पाळीच्या तक्रारीसाठी आलीस म्हणून घरी फोन केलाच पाहिजे, अशी सक्ती डॉक्टरांवर नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तुझ्याबद्दल नाही, पण हे पान तुझ्या मैत्रिणीही वाचतील. १८ खालच्या मुलीचा शरीरसंबंध आल्याचं कळलं, तर तो तिच्या मर्जीने असला तरी मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. पण गर्भपाताच्या कायद्यात पालक म्हणजे मुलगी जिच्या सांभाळात आहे ती व्यक्ती, त्यामुळे आईवडीलच हवेत असं नाही, सांभाळणारी आजी किंवा मावशीही चालते. अशा वेळी मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुणाला भीतीपोटी उपचार टाळावेसे वाटत असतील, तर तिला हे जरूर सांग.

सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयासाठी किशोरवयीन आरोग्य क्लिनिक असतं, तिथे एकटं जाणं सोपं. कुठल्या दिवशी किती पॅड लागले, गाठी पडल्या का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं का, हे लिहून ने. काही मुलींमध्ये रक्त गोठण्यातला दोष पाळीतूनच पहिल्यांदा कळतो. रिपोर्ट हातात आला की तो आईला दाखव. छापलेल्या आकड्यापुढे "सगळ्यांनाच होतं" म्हणणं अवघड जातं. पुढच्या वेळी ती बरोबर आली, तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेव : पहिली दहा मिनिटं मला एकटीला बोलायचं आहे.