आई-वडील गावात, मुलं बाहेर: घर आत्ताच मुलांच्या नावावर करावं का, आणि पुढच्या आजारपणाची काय तयारी ठेवावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील ७८, आई ७२, दोघंच बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, गावात. तुम्ही पुण्यात, धाकटा भाऊ बेळगावात. पुढं धावपळ नको म्हणून घर आत्ताच बक्षीसपत्रानं दोघा भावांच्या नावावर करून घ्यावं का, आणि आणखी काही तयारी लागते का.

घर आत्ता नावावर करून घेऊ नका. दोघंही हयात असेपर्यंत ते त्यांच्याच नावावर राहू दे. वाटणीची काळजी असेल तर वडिलांनी मृत्युपत्र करावं.

आता "आणखी काही तयारी" हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, तिथंच मला जास्त बोलायचंय. अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून नोकरी केली. घराच्या वादापायी म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, पण "आप्पांना स्वतःला काय पाहिजे होतं" हे कुणी विचारूनच ठेवलेलं नसतं, त्यापायी जे हाल होतात ते मी रोज बघितले.

एक पेशंट सांगते. चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या गावातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आप्पा. मेंदूत रक्तस्राव झाला, रात्री आणलं, श्वास जाईना म्हणून व्हेंटिलेटर लावला. त्या वेळी ते बरोबरच होतं, पहिल्या रात्री कुणालाच अंदाज नसतो. आठवडा गेला, शुद्ध नाही. तोंडातली नळी दोन आठवड्यांच्या आसपास काढावी लागते, मग गळ्याला भोक पाडून नळी घालायची का हा प्रश्न येतो. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. पुण्याहून आलेला थोरला म्हणाला, "काय लागंल ते करा, पैशाचा विचार करू नका." शेजारच्याच गल्लीत दिलेली मुलगी म्हणाली, "आप्पा म्हणायचे, मला नळ्या घालून ठेवू नका." धाकटा गप्प. आणि त्यांची बायको, पन्नास वर्षं संसार केलेली, बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली. तिला आत कुणी बोलावलंच नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "लिहून काही ठेवलंय का?" काही नव्हतं. घरात दोन मतं असली की कुठलाही डॉक्टर उपचार थांबवायचं धाडस करत नाही, आणि करूही नये. गळ्याला नळी बसली.

उपचाराचा खर्च ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) होत होता, पण घर चालवायला पैसे नव्हते. पेन्शनचं खातं एकट्या आप्पांच्या नावावर. मग एका दुपारी भेटीच्या वेळेत थोरला मुलगा मुखत्यारपत्राचा (पॉवर ऑफ अटर्नीचा) टाइप केलेला कागद आणि स्टॅम्प पॅड घेऊन आला. आप्पांची बोटं सुजलेली, हाताला सलाइन, आणि हा अंगठ्याला निळी शाई लावतोय. मी पॅड बाजूला ठेवलं आणि शाई स्पिरिटनं पुसली. बेशुद्ध माणसाचा अंगठा कायद्यानं शून्य आहे, वर तो गुन्हा. त्याहून महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही: मुखत्यारपत्र आधी नीट करून ठेवलं असतं तरी त्या दिवशी चाललं नसतं. देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की मुखत्यारपत्र संपतं. विसराळूपणा वाढत चाललेल्या माणसाकडून ते करून घेऊन निर्धास्त होणारी घरं बेळगावात गल्लोगल्ली आहेत. ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी तो कागद निरुपयोगी होतो. पुढं उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यायची वेळ येते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आजच करण्यासारखा आहे. पेन्शनचं खातं आई-वडिलांच्या जोडनावानं करा, दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल अशा पद्धतीचं. दोघांची बचत असेल तर दुसरं एक खातं बेळगावातल्या भावाबरोबर जोडा. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनीला माणूस गेल्यावरच हात लावता येतो. आणि माणूस शुद्धीत आहे पण सही करता येत नाही, अशा वेळी बँकेनं अडवलं तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा: अंगठा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

आता मूळ मुद्दा, त्या नळीचा. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं मान्य केलंय की, बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कृत्रिम उपचार नकोत, असं माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. तेव्हाची पद्धत किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं जानेवारी २०२५ मध्ये त्याप्रमाणे आदेशही काढला. लोक याला लिव्हिंग विल म्हणतात.

करायचं असं. वडील शुद्धीत, स्वतःच्या मर्जीनं, साध्या मराठीत लिहितील: कुठल्या अवस्थेत काय नको (व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय चालू करणं, डायलिसिस, नाकातून नळी) आणि काय हवंच (वेदना कमी करणं, धाप लागली तर औषध, तोंड ओलं ठेवणं, शक्य असेल तर घरी ठेवणं). "नको"बरोबर "हवं" लिहायला लावा, नाहीतर घरच्यांना वाटतं उपचारच बंद. मग आपल्या वतीनं बोलणारा माणूस नावानिशी लिहायचा. एकाहून जास्त नावं चालतात, पण क्रम द्या: आधी कोण, तो नसेल तर कोण. सही दोन साक्षीदारांसमोर, शक्यतो नात्याबाहेरच्या. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकन करतो. एक प्रत जवळच्या डॉक्टरांकडं, एक नाव दिलेल्या माणसाकडं, एक ग्रामपंचायतीत, शहरात असाल तर महानगरपालिकेत. पंचायतीत घ्यायला कुरकुर झाली तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती कागदाला टाचून ठेवा. मूळ प्रत कपाटाच्या लॉकरमध्ये कुलूपबंद करू नका. रात्री दोन वाजता किल्ली सापडत नाही. औषधांच्या डब्याशेजारी, आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर ठेवा.

वेळ आली की दवाखान्यात दोन मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ, पाच वर्षं अनुभवाचे. दुसऱ्यात जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन वेगळे तज्ज्ञ. प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. कागद नसला तरी घरच्यांच्या संमतीनं हाच रस्ता घेता येतो, पण मग प्रत्यक्षात घरच्यांचं एकमत लागतं, आणि आप्पांच्या घरात नेमकं तेच नव्हतं.

आमच्या थोरल्या दिरांशी माझा हा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं, जिवंत माणसाचं मरण कागदावर मांडणं अभद्र, आणि असा कागद म्हणजे मुलांना हात झटकायची सोय. मी साफ असहमत आहे. हा कागद मुलं लिहीत नाहीत, वडील लिहितात. कधीही रद्द करता येतो, बदलता येतो. वडील बोलू शकतात तोपर्यंत तो लागूच होत नाही, तेव्हा त्यांचा शब्दच शेवटचा. निमोनिया झाला, खुब्याचं हाड मोडलं, साखर उतरली, तर पूर्ण उपचार होतात, कागद मध्ये येत नाही. सुई देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. हात झटकणारी मुलं कागदाशिवायही झटकतात. आणि "सगळं करा" म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा लांबून आलेला असतो, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. वर्षभर न भेटल्याचं ओझं तो वडिलांच्या गळ्यातल्या नळीवर टाकतो. तुम्हीही पुण्यात आहात म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

आप्पा पुढं घरी आले आणि बरेच महिने अंथरुणावर होते. केलं सगळं मुलीनं. अशा माणसाचं काय काय बघावं लागतं ते आधीच माहीत असू दे. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड असला तरी हे चुकत नाही. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात बघायचे. बोट दाबून लाली पांढरी होत नसेल तर जखम आतून सुरू झाली असं समजा. बसायला मध्ये भोक असलेली रबरी रिंग देऊ नका, तिच्या कडेनं रक्त अडतं आणि जखम वाढते. एअर बेडवर चार घड्यांची गोधडी घातली की बेडचा उपयोग संपला, एकच चादर घाला. नाकातल्या नळीतून खाणं देताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतर अर्धा-पाऊण तास तशीच. आडवं ठेवून दिलं तर आंबील फुप्फुसात जाते, आणि घरी आणलेल्या पेशंटना परत दवाखाना दाखवणारं मोठं कारण हेच. नळी नाकापाशी जिथं असते तिथं पेनानं खूण करा. खूण सरकलेली दिसली तर काही देऊ नका, सिस्टरला दाखवा. नाचणीची आंबील दोनदा गाळून घ्या, गोळ्या वेगळ्या कुटून पाण्यातून द्या, आधी आणि नंतर ३० मिलीच्या आसपास साधं पाणी सोडा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. साधी कॅथेटर दोन-चार आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची जास्तीत जास्त तीन महिने.

कामाला मावशी ठेवताना ती एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली आहे की फक्त सोबतीला आहे, ते आधी विचारा. गळ्याच्या नळीतला कफ ओढायचं काम शिकलेल्या हातानंच व्हावं.

आणि कॅन्सर असेल तर मॉर्फिनला घाबरू नका. मान्यताप्राप्त संस्थेतले डॉक्टर ते गोळीत देतात. दुखण्यासाठी ठरल्या वेळेला घेतलं तर पेशंट सहसा व्यसनी होत नाही. फक्त बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पहिल्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध मागून घ्या.

आता तुमचं घर. आप्पांनी दोन वर्षं आधीच घर दोघा मुलग्यांना बक्षीसपत्रानं देऊन टाकलं होतं. दस्त कानडीत, आप्पांना वाचता येत होतं फक्त मराठी. त्यात सांभाळ करण्याची एक ओळही नव्हती. नंतर डायपर आणि मावशीच्या पगारासाठी त्यांच्या बायकोला मुलांकडं हात पसरावा लागला, आणि जी मुलगी सगळं करत होती तिचा त्या घरावर शब्द चालेना.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर देणाऱ्याला ती परत मागता येते. पण ती अट सिद्ध व्हावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयानं कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे लावला, तरी त्या प्रकरणात आईच्या बाजूनं लेखी कागद होता. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असा हट्ट असेल तर दोन गोष्टी दस्तातच घाला. एक, आई-वडिलांचा मरेपर्यंत राहण्याचा हक्क आणि राहणं, खाणं, औषधपाणी हे घेणाऱ्यानं करायचं, ही अट. दोन, दस्त मराठीत वाचून व समजावून सांगितला असा शेरा, वाचून दाखवणाऱ्याच्या नाव-सहीसकट. तक्रार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायची. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन उपविभाग आहेत, त्यातल्या तुमच्या असिस्टंट कमिशनरांच्या (एसी) ऑफिसात. निर्वाहाची रक्कम कायद्यात महिना १०,००० पर्यंतच आहे. अडचण आली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फोनवर मदत करते.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी सब-रजिस्ट्रारकडं नोंदवा, पुढं सहीचा वाद कमी होतो. मराठीत लिहिलं तरी चालतं. कार्यालयात कानडी भाषांतर मागतात, ते आधीच जोडून न्या म्हणजे परत यावं लागणार नाही. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि शक्यतो वडिलांपेक्षा तरुण माणसं घ्या. वय झालंय म्हणून त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, की विचार करण्याची क्षमता शाबूत आहे.

एक राहिलं. हे सगळं वडिलांनी स्वतः मिळवलेल्या घराबद्दल लिहिलंय. घर किंवा शेत वडिलोपार्जित असेल तर वडिलांना मृत्युपत्रानं फक्त स्वतःच्या हिश्शापुरतंच लिहून देता येतं, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींचा हिस्सा मुलग्यांइतकाच आहे. तुम्ही प्रश्नात दोघा भावांचंच लिहिलंय. बहीण असेल तर आधी उतारा काढून नावं बघा, आणि वकिलाकडं जाताना तिलाही बरोबर घेऊन जा.